डीबीटीची कौशल्यं: भावना किती चढली आहे त्यावरून काय वापरायचं

डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. ती शिकणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते: "कौशल्यं करून पाहिली, काहीच झालं नाही." नेमकं काय केलं हे विचारत गेलं की बहुधा दोनांपैकी एक कारण निघतं. एक तर ते कौशल्य आयुष्यात पहिल्यांदा, तेही भावना शिगेला पोहोचल्यावर वापरलेलं असतं. नाहीतर त्या पातळीला न चालणारं कौशल्य निवडलेलं असतं: रागाने हात थरथरत असताना वही उघडून "माझा विचार वस्तुस्थितीला धरून आहे का" असं लिहीत बसणं. कौशल्य चांगलंच असतं, वेळ चुकलेली असते.

म्हणून इथे कौशल्यांची मांडणी थेरपीच्या पाठ्यक्रमाच्या क्रमाने केलेली नाही. भावना कितीवर आहे त्यानुसार काय हाती घ्यायचं, या अंगाने ती केली आहे. त्याआधी थेरपीच्या रचनेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कौशल्यं रचनेपासून तोडून वापरली की निम्मी ताकद जाते.

ही थेरपी कशी चालते

सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्शा लिनेहान यांनी ही पद्धत घडवली. वारंवार आत्महत्येचे प्रयत्न करणाऱ्या आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांसाठी ती होती. पहिली नियंत्रित चाचणी 1991 मध्ये आणि उपचारपुस्तिका 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवातीला त्यांनी निव्वळ बदलावर भर देणारी वर्तनोपचार पद्धत वापरली, तेव्हा रुग्णांना वाटे की सगळा दोष आपल्याच माथी मारला जातोय. मग फक्त समजून घेण्यावर भर दिला, तेव्हा वाटे की आपल्या यातनांची कुणाला घाईच नाही. दोन्ही एकाच वेळी धरायचं, "तू जसा आहेस त्याला कारण आहे" आणि "हे बदलायलाच हवं", यातून आजची पद्धत तयार झाली. किशोरवयात आपण स्वतः मानसोपचार रुग्णालयात दाखल होतो, हे लिनेहान यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं.

या पद्धतीमागचा विचार साधा आहे. काही माणसांची भावनिक यंत्रणा जन्मतःच वेगळी असते: छोट्या निमित्ताने पेटते, पेटली की उंच जाते, आणि खाली यायला इतरांपेक्षा जास्त वेळ घेते. अशा मुलाला वर्षानुवर्षं "एवढं काय झालं रडायला", "नाटकं करू नकोस" हेच ऐकायला मिळालं, तर स्वतःची भावना ओळखायची कशी आणि सावरायची कशी हे ते शिकतच नाही. शिकतं ते एवढंच की टोक गाठल्याशिवाय कुणी लक्ष देत नाही. खाली यायला लागणारा वेळ हा मुद्दा लक्षात ठेवा. पहिली लाट ओसरायच्या आत दुसरं निमित्त आलं की माणूस शंभरपैकी साठवरून सुरू होतो, शून्यावरून नव्हे.

पूर्ण डीबीटीत चार गोष्टी असतात: आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, आठवड्याला एक कौशल्यवर्ग, सत्रांच्या मधल्या काळात फोनवर मार्गदर्शन, आणि थेरपिस्टांची आपसातली सल्लामसलतीची बैठक. कौशल्यवर्ग साधारण दोन ते अडीच तासांचा असतो. पहिल्या भागात गेल्या आठवड्याचा गृहपाठ तपासतात, दुसऱ्यात नवं कौशल्य शिकवतात. तो वर्गच असतो. तिथे जुन्या जखमा उघडत नाहीत आणि स्वतःला इजा कशी केली याचे तपशील सांगायला मनाई असते, कारण ऐकणाऱ्यांमध्ये तीच ऊर्मी जागी होते. पूर्ण पाठ्यक्रम 24 आठवड्यांचा असतो आणि प्रौढांना तो सहसा दोनदा, म्हणजे सुमारे वर्षभर, करायला सांगतात. सलग चार वैयक्तिक सत्रं किंवा सलग चार वर्ग चुकले की थेरपिस्टशी केलेला थेरपीचा करार संपतो. नियम कडक वाटतो, पण लाज वाटली किंवा राग आला की न जाणं हीच बऱ्याच जणांची सवय असते, आणि ती मोडायला अशी स्पष्ट रेघ कामी येते.

थेरपिस्ट निवडताना विचारा: कौशल्यवर्ग आहे का? रोजचं नोंदकार्ड भरून घेता का? संकटात फोन करता येतो का, आणि कोणत्या वेळात? तुमची सल्लागार टीम आहे का? चारांपैकी दोनच उत्तरं "हो" आली, तर ती डीबीटीच्या अंगाने जाणारी थेरपी आहे. ती वाईट असते असं नाही. पण आत्महत्येचे विचार वारंवार येत असतील तर चारही भाग असलेलं ठिकाण शोधावं. आणि आत्ता, या क्षणी, जीव देण्याचा बेत ठरलेला असेल, साधन हाताशी असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. साधनापासून दूर व्हा, कुणाला तरी सोबत घ्या आणि जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा किंवा आपत्कालीन सेवेला फोन करा. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधंही कौशल्यं शिकतोय म्हणून परस्पर बंद करायची नाहीत.

नोंदकार्ड: कंटाळवाणं, पण सगळं त्यावर उभं

कार्डावर दिवसाला एक ओळ. त्या ओळीत असतं: स्वतःला इजा करण्याची, जीव देण्याची, नशा करण्याची ऊर्मी, प्रत्येकी 0 ते 5. प्रत्यक्षात तसं केलं का: हो किंवा नाही. राग, भीती, दुःख, लाज, आनंद: 0 ते 5. झोप, औषधं. आणि शेवटी कौशल्याचा आकडा, 0 ते 7. हा शेवटचा आकडा नीट समजून घ्या, कारण बरेच जण तो परीक्षेतल्या गुणांसारखा भरतात. 0 म्हणजे कौशल्य आठवलंच नाही. 1 म्हणजे आठवलं, पण वापरायची इच्छा नव्हती. 2 म्हणजे इच्छा होती, तरी वापरलं नाही. 3 म्हणजे प्रयत्न केला, जमलं नाही. 4 म्हणजे जमलं, पण फायदा झाला नाही. 5 म्हणजे जमलं आणि फायदा झाला. 6 आणि 7 म्हणजे मुद्दाम प्रयत्न न करता आपोआप वापरलं गेलं. 6 ला फायदा नाही, 7 ला फायदा झाला.

थेरपिस्टच्या दृष्टीने 1 आणि 3 यांत मोठं अंतर आहे. 1 असेल तर प्रश्न इच्छेचा आहे, मग करारावर बोलावं लागतं. 3 असेल तर प्रश्न सरावाचा आहे, मग ते कौशल्य सत्रातच करून घ्यावं लागतं. थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून 5 लिहून टाकलं, तर चुकीच्या जागी उपचार होतो.

कार्ड रोज ठरलेल्या वेळी भरा, शक्यतो झोपण्यापूर्वी दात घासण्यासारख्या पक्क्या सवयीला जोडून. दोन-तीन मिनिटं पुरतात. सातही दिवस सत्राच्या दारात बसून भरले, तर मंगळवारचा राग शुक्रवारच्या मूडच्या रंगात रंगतो आणि आठवडा सगळा सारखाच वाईट दिसू लागतो. एखादा दिवस राहिला तर तो कोरा सोडा. अंदाजाने भरू नका.

वैयक्तिक सत्रात कशावर बोलायचं हे कार्डच ठरवतं. जिवाला धोका असलेलं वर्तन सर्वांत आधी, मग थेरपीत अडथळा आणणारं वर्तन (उशिरा येणं, कार्ड न भरणं, थेरपिस्टची चूक असेल तर तीही), मग आयुष्याचा दर्जा बिघडवणारे प्रश्न. या आठवड्यात नोकरी गेली असेल आणि स्वतःला इजाही झाली असेल, तर आधी इजेवर बोलणं होतं. पहिल्या काही आठवड्यांत यावरून खटके उडतात. त्यात गैर काही नाही.

आकडा लावा, मग कौशल्य निवडा

भावना 0 ते 100 मध्ये मोजायची सवय लावा. 0 म्हणजे शांत, 100 म्हणजे आजवरचं सर्वांत वाईट. साधारणपणे 70 च्या वर विचार करण्याची क्षमता जवळजवळ बंद होते. तिथे फक्त शरीरावर काम करणारी कौशल्यं चालतात. 30 ते 70 मध्ये विचार तपासता येतो, विरुद्ध कृती करता येते. 30 च्या खाली सराव करायचा. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा असतो. काहींचं डोकं 60 लाच बंद पडतं, काही 80 लाही नीट बोलू शकतात. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून तुमचा आकडा सापडेल. खूण सोपी आहे: समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकू येईनासं होतं, किंवा तोच विचार शब्दही न बदलता फिरत राहतो.

*70 च्या वर.* सर्वांत आधी थांबा. अक्षरशः: हात हलवायचे नाहीत, फोन उचलायचा नाही. मग एक पाऊल मागे, शक्य असेल तर खोलीबाहेर. मग आत-बाहेर काय चाललंय ते पाहा. मग ठरवून पुढची कृती. याला वर्गात स्टॉप म्हणतात. हे दहा-वीस सेकंदांचं काम आहे आणि त्याने भावना उतरत नाही. फक्त परिस्थिती आणखी बिघडत नाही, तेवढंच त्याचं काम.

भावना उतरवण्यासाठी टिप (TIPP) नावाचा कौशल्यांचा गट आहे. यात चार कौशल्यं येतात. कोणतंही एक घेतलं तरी चालतं.

थंड पाणी सर्वांत जलद. भांड्यात थंड पाणी घ्या, 10 अंश सेल्सिअसपेक्षा थंड नको. पुढे वाका, श्वास रोखा आणि डोळ्यांखालचा भाग व गाल बुडतील असा चेहरा 30 सेकंद पाण्यात ठेवा. तेवढं जमत नसेल तर 15 सेकंदांनी सुरू करा. पाण्यात तोंड घालणं नको वाटत असेल तर बर्फाची पिशवी पातळ कापडात गुंडाळून डोळे आणि गालांवर धरा, पण वाकणं आणि श्वास रोखणं तसंच. यामागे सस्तन प्राण्यांतली पाण्यात बुडी मारतानाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे: थंड पाणी चेहऱ्याला लागून श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. नुसतं तोंडावर पाणी मारल्याने ही क्रिया नीट सुरू होत नाही, आणि "करून पाहिलं, काही झालं नाही" म्हणणाऱ्या अनेकांनी तेवढंच केलेलं असतं. हृदयविकार, ठोके मुळात मंद असणं, बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणाऱ्या) गोळ्या, अॅनोरेक्सिया किंवा बुलिमिया हे खाण्याचे विकार: यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

दुसरं, जोरकस व्यायाम. 10 ते 20 मिनिटं जिना चढणं, जागच्या जागी धावणं, जे दम लागेपर्यंत करता येईल ते. रागाला आणि भीतीला हे विशेष लागू पडतं, कारण शरीर आधीच पळायच्या किंवा भांडायच्या तयारीत असतं. खाण्याच्या विकारात व्यायामाचा अतिरेक होत असेल तर हे टाळा. तिसरं, मंद श्वास: 4 सेकंद आत, 6 ते 8 सेकंद बाहेर, मिनिटाला पाच-सहा श्वास, किमान पाच मिनिटं. बाहेर सोडणं आत घेण्यापेक्षा लांब असलं पाहिजे; खोल श्वास घेण्याच्या नादात भराभर श्वास घेतले तर चक्कर येते आणि घबराट वाढते. चौथं, स्नायू ताणून सोडणं: श्वास घेताना मुठी, मग खांदे, मग पोट, मग पाय 5-6 सेकंद आवळा. सोडताना मनात "सैल" म्हणा आणि ते एकदम सोडा.

टिपचा परिणाम टिकतो थोडा वेळ. पाच मिनिटं, फार तर वीस. त्या फटीत पुढचं काय करायचं हे आधीच ठरलेलं नसेल तर माणूस पुन्हा त्याच फोनकडे, त्याच संदेशाकडे वळतो आणि आकडा परत 90. म्हणून एक चिठ्ठी आधीच तयार ठेवा: टिपनंतर मी अमुक करेन. आंघोळ, कुणाला तरी मदत होईल असं एखादं काम, डोकं गुंतवणारा खेळ, पंचेंद्रियांपैकी एकाला सुखावणारं काहीतरी.

त्या चिठ्ठीच्या मागे चार चौकोन काढा: ऊर्मीप्रमाणे वागण्याचे फायदे, तोटे, न वागण्याचे फायदे, तोटे. फायद्यांचा पहिला चौकोन प्रामाणिकपणे भरा. स्वतःला इजा केल्याने तात्पुरतं सुटल्यासारखं वाटतं, हे लिहिलं नाही तर ऐन वेळी ती चिठ्ठी खोटी वाटते आणि माणूस ती वाचायचं सोडतो. हे सगळं शांत असताना लिहायचं. 90 ला लिहायला बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

एक धोका मात्र या कौशल्यांतच आहे. ती संकट निभावण्यासाठी असतात, प्रश्न सोडवण्यासाठी नसतात. दिवसभर लक्ष दुसरीकडे वळवत राहिलात तर ते टाळणंच झालं, आणि टाळलेला प्रश्न रात्री मोठा होऊन येतो.

*30 ते 70.* खरं काम इथे होतं. आधी वस्तुस्थिती तपासा. भावनेचं नाव लिहा. निमित्त काय घडलं ते असं लिहा की कॅमेऱ्याने टिपलं असतं तेवढंच: "तिने मला झिडकारलं" चालणार नाही, "तिने संदेश वाचला आणि तीन तास उत्तर दिलं नाही" चालेल. मग मी त्याचा काय अर्थ लावला, दुसरे कोणते अर्थ शक्य आहेत, मला कशाचा धोका वाटतोय, तो घडण्याची शक्यता किती, आणि घडलाच तर मी काय करेन. शेवटचा प्रश्न: ही भावना, या तीव्रतेने, या वस्तुस्थितीला शोभते का?

उत्तर "शोभते" असेल तर प्रश्न सोडवायला घ्या. मालक खरोखर पगार बुडवत असेल तर राग रास्त आहे; तिथे शांत होण्याचे व्यायाम करत बसणं अन्यायाला मदत करण्यासारखं आहे. उत्तर "शोभत नाही" असेल, किंवा शोभते पण तशी वागलो तर माझंच नुकसान होईल असं असेल, तर विरुद्ध कृती.

प्रत्येक भावना शरीराला एका दिशेने ढकलते. भीती पळायला लावते, राग हल्ला करायला, दुःख अंथरुणात शिरायला, लाज लपायला. विरुद्ध कृती म्हणजे नेमकं उलट: भीती वाटते तिकडे जायचं, पुन्हा पुन्हा. रागात त्या माणसापासून हलकेच बाजूला व्हायचं, आणि जमलं तर त्याच्या बाजूने एक क्षण पाहायचं. दुःखात उठून कामाला लागायचं. लाजेचं थोडं गुंतागुंतीचं आहे. जे केलं त्यात गैर काही नाही, पण लाज वाटते आहे, तर ते विश्वासातल्या माणसांना सांगायचं, मान वर ठेवायची आणि माफी मागायची नाही. खरोखर कुणाला दुखावलं असेल, तर माफी मागायची, नुकसान भरून द्यायचं आणि तिथे थांबायचं; दहादा माफी मागू नये.

हे फसतं ते अर्धवट केल्यामुळे. समारंभाला गेलात, पण कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून उभे राहिलात, तर मेंदूला संदेश जातो तो "धोका आहे, आणि मी लपून बचावलो" असा. भीती तशीच राहते. रागात बाजूला झालात, पण मनात वादाची उजळणी चालू ठेवलीत, तर राग उतरत नाही. उभं राहण्याची ढब, चेहरा, आवाज, विचार, सगळं उलट हवं. जबडा सैल, हाताचे तळवे उघडे, आवाज खाली. आणि भावना उतरेपर्यंत थांबायला हवं. पाच मिनिटांत सोडून दिलं तर हरल्याचाच अनुभव जमा होतो.

*30 च्या खाली.* झोप, नियमित जेवण, आजारांवर उपचार, नशेपासून दूर राहणं, हालचाल. सांगायला फार सामान्य, पण एखादं वर्तन कसकसं घडत गेलं त्याची साखळी (ती पुढे येते) तपासली की बहुतेक वाईट दिवसांची सुरुवात इथेच सापडते. दिवसाला एक तरी गोष्ट आवडीची आणि एक तरी थोडी कठीण पण जमणारी, ठरवून करा. जी संकटं येणार हे माहीत आहे त्यांची रंगीत तालीम मनात करा: प्रसंग, भावना, कौशल्य, शेवट. आणि टिपसकट सगळ्या कौशल्यांचा सराव याच वेळेत.

सजगता आणि स्वीकार

वर्ग सजगतेने सुरू होतो आणि प्रत्येक भागाआधी तिच्याकडे परत येतो. डोळे मिटून तासभर बसायची गरज नाही. दोन-तीन मिनिटं एकच गोष्ट करायची: दिसतं ते पाहणं, शब्दांत मांडणं, किंवा कामात पूर्ण उतरणं. एका वेळी एकच, बरंवाईट न ठरवता, आणि जे उपयोगी पडेल ते. नवशिक्यांना सर्वांत जड जातं ते बरंवाईट न ठरवणं. एक सोपा सराव: दिवसातून एक तास निवडा आणि मनात आलेले शेरे ("मूर्ख", "असं व्हायला नको होतं") फक्त मोजा. मोजताना स्वतःवर चिडलात तर तोही एक शेरा, तो मोजा आणि पुढे चला. शहाणं मन म्हणतात ते भावना आणि तर्क दोन्ही ऐकून घेतल्यावर आतून येणारं उत्तर. ते खरंच शहाण्या मनाचं आहे की भावनेचं, हे ओळखायला थांबून पाहा. उद्याही तेच उत्तर पटलं तर धरा.

पूर्ण स्वीकार या कौशल्याबद्दल गैरसमज खूप. स्वीकार म्हणजे मान्यता नाही, माफी नाही, हार नाही. घडलं ते घडलं, आणि त्याला कारणं होती, एवढंच. ज्याच्याशी मन भांडतंय ते बदलता येत नाही तेव्हाच ते लागतं. ते एकदा करून संपत नाही, मन फिरून "असं व्हायलाच नको होतं" वर जातं आणि त्याला परत वळवावं लागतं, कधी तासाला दहादा. हाताचे तळवे वर करून मांडीवर ठेवणं आणि चेहरा सैल सोडून ओठांच्या कडा जराशा वर नेणं, या दोन शारीरिक युक्त्या इथे मदत करतात. एखाद्याच्या ताज्या दुःखात मात्र दुसऱ्याने त्याला "स्वीकार कर" म्हणू नये.

माणसांशी बोलताना

मागणी करायची किंवा नाही म्हणायचं असेल तर क्रम असा: काय घडतंय ते सांगा, मला काय वाटतं ते सांगा, हवं ते स्पष्ट मागा, दिल्यास काय बरं होईल ते सांगा. समजा खोलीतली सोबतीण मध्यरात्रीपर्यंत फोनवर बोलते. "या आठवड्यात तीन रात्री तू बारानंतर खोलीत फोनवर बोलत होतीस. माझी झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मी चिडचिडी होते. अकरानंतर बोलायचं असेल तर बाहेर जाशील का? मग सकाळी माझ्या गजराने तुला उठावं लागणार नाही, मी तो आवाज न होणारा लावेन." तिने विषय बदलला, जुनी भांडणं काढली, तरी तेच वाक्य शांतपणे पुन्हा. ती अडली तर देवाणघेवाण: "बरं, साडेअकरा?"

बहुतेक जण मागणीच्या ओळीवर घसरतात. तक्रार पूर्ण मांडतात आणि मागतच नाहीत, समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा. दुसरी चूक म्हणजे नातं टिकवण्याच्या भीतीने प्रत्येक वाक्याला "सॉरी" जोडणं. बोलण्याआधी ठरवा की या वेळी सर्वांत महत्त्वाचं काय: हवं ते मिळणं, नातं, की स्वतःचा मान. तिन्ही एकाच संवादात पूर्ण मिळतीलच असं नाही.

साखळी उलगडणं

ज्या वर्तनावर काम करायचं ते घडलं की शक्य तितक्या लवकर, 24 तासांच्या आत, साखळी लिहा. वर्तन एकच घ्या आणि नेमकं लिहा. उदाहरणार्थ: "बुधवारी रात्री 11:10 ते 11:40, मित्राला शिव्या देणारे बावीस संदेश."

त्याआधीची दुर्बलता: आदल्या रात्री चार तास झोप, दुपारचं जेवण नाही. निमित्त: 8:00 वाजता पाठवलेला संदेश वाचल्याची खूण, उत्तर नाही. मग कड्या, एकेक करून: 8:20, विचार, "मी नकोसा झालोय." पोटात खड्डा. भीती 50. दर दोन मिनिटांनी फोन पाहणं. 9:30, त्याचं दुसऱ्यांसोबतचं छायाचित्र दिसलं. लाज 70. 10:00, "माझी लाज काढतो काय", लाजेचा राग झाला, 85. जुने संदेश वाचत बसणं. 11:10, पहिला संदेश. परिणाम: लगेच छाती हलकी, मित्राचा फोन आला (हे बक्षीसच, म्हणून वर्तन पक्कं होतं). दुसऱ्या दिवशी लाज 90, मित्र चार दिवस अबोल.

आता प्रत्येक कडीपाशी विचारा की इथे काय बसलं असतं. 8:20 ला वस्तुस्थिती तपासता आली असती. आकडा 50 होता. 9:30 ला फोन दुसऱ्या खोलीत. 10:00 ला टिप, दुसरं काहीही उपयोगी नव्हतं. 11:10 च्या आधी थेरपिस्टला फोन. फोनवरचं मार्गदर्शन पाच-दहा मिनिटांचं असतं: काय करून पाहिलंस, आता काय करशील. ते कृतीच्या आधी मागायचं. स्वतःला इजा केल्यानंतरचे 24 तास थेरपिस्ट असा मार्गदर्शनाचा फोन घेत नाही, जेणेकरून इजा हे संपर्काचं साधन बनू नये. जिवाला धोका असेल तर अर्थातच मदत मिळते. शेवटी दुरुस्ती: मित्राची एकदा, नेमकी माफी.

साखळीत दोन चुका ठरलेल्या असतात. एक, "एकदम घडलं, मध्ये काही नव्हतंच." मध्ये नेहमी काहीतरी असतं, मिनिटामिनिटाने विचारलं की निघतं. दोन, सगळं लक्ष निमित्तावर, म्हणजे मित्र कसा वागला यावर. निमित्त बहुधा आपल्या हातात नसतं. एखादी कडी तोडणं पुरतं, आणि जितकी ती आधीची तितकं ते स्वस्त.

घरच्यांसाठी

समोरच्याची भावना समजण्याजोगी आहे हे सांगणं म्हणजे त्याच्या वागण्याला होकार देणं नाही. "उत्तर आलं नाही म्हणून तुला भीती वाटली, ते कळतं" म्हणा. "बावीस संदेश पाठवणं बरोबरच होतं" म्हणायची गरज नाही. भावना 80 वर असताना समजावणं, तर्क, उपदेश, सगळं थांबवा. कमी शब्द, खालचा आवाज. कौशल्याची आठवण करून देऊ का, हे शांत वेळी विचारून ठेवा. भांडणाच्या मध्ये "तुझं ते टिप कर ना" म्हटलं की ते कौशल्य टोमणा बनतं आणि पुढे कित्येक आठवडे वापरलं जात नाही.

फरक कुठे दिसतो

पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत भावनेचे आकडे फारसे हलत नाहीत, आणि तिथेच बरेच जण सोडतात. कार्डावर वेगळ्या रकान्यांकडे पाहा. ऊर्मी 4 आणि कृती "नाही" असे दिवस वाढताहेत का? कौशल्याचा आकडा 1 वरून 3 वर आला का? 85 वरून 40 वर यायला लागणारा वेळ सहा तासांवरून चारांवर आला का? हे आकडे भावनेच्या आधी हलतात. दुसऱ्या 24 आठवड्यांत तोच पाठ्यक्रम पुन्हा येतो तेव्हा पहिल्या फेरीत निरुपयोगी वाटलेली दोन-तीन कौशल्यं अचानक लागू पडतात, बहुधा विरुद्ध कृती आणि स्वीकार. पहिल्या फेरीत ती 80 ला करून पाहिलेली असतात.